ट्रूक्रिप्टची जुनी फाईल नव्या व्हेराक्रिप्टमध्ये उघडेना

दांडियाबाजार_हिशेब:
मंडळी, इथे वडोदऱ्यात एका मराठी मंडळाच्या ट्रस्टचे २०१२-१३ चे हिशेब आणि देणगीदारांची यादी ४० जीबीच्या ट्रूक्रिप्ट कंटेनरमध्ये (फायली एन्क्रिप्ट करणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या, पासवर्डने बंद केलेल्या एका मोठ्या फाईलमध्ये) आहे. पासवर्ड मंडळाच्या वहीत लिहिलेला आहे, त्यात शंका नाही. विंडोज ११ वर त्याच ट्रूक्रिप्टवरून निघालेल्या व्हेराक्रिप्टची ताजी आवृत्ती टाकली, तर ती पासवर्ड चुकीचा म्हणते. फाईल गेली म्हणायची का? जुन्या व्हिडिओंत 'ट्रूक्रिप्ट मोड' असा चौकोन दिसतो, तोही सापडत नाही. ट्रूक्रिप्ट ७.२ उतरवून बघावं का?

सूरसागर_काठ:
फाईल बहुधा ठणठणीत असेल. तो चौकोन १.२६.७ पासून (ऑक्टोबर २०२३) काढून टाकलाय. ट्रूक्रिप्ट ओळखणारी शेवटची आवृत्ती १.२५.९, फेब्रुवारी २०२२ ची. तीच घ्या.

आता पासवर्डचा संदेश. कंटेनरचे पहिले ६४ बाइट म्हणजे सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे रँडम बाइट), त्यापुढचं हेडर (आतल्या डेटाची किल्ली ठेवणारा छोटा भाग) एन्क्रिप्ट केलेलं. पासवर्ड आणि सॉल्टवरून किल्ली तयार करायची, हेडर उकलायचं आणि सुरुवातीला ठरलेली चार अक्षरं दिसतात का ते बघायचं. ट्रूक्रिप्टमध्ये ती टी-आर-यू-ई, व्हेराक्रिप्टमध्ये व्ही-ई-आर-ए. शिवाय ट्रूक्रिप्ट किल्ली काढताना हजार-दोन हजार फेऱ्या करायचं, व्हेराक्रिप्ट साध्या कंटेनरला ५ लाख करतं. म्हणजे पासवर्ड तोच असला तरी किल्ली वेगळीच निघते. उकलण्याआधी सगळा मजकूर नुसता रँडम दिसतो, त्यामुळे पासवर्ड चुकला, फॉरमॅट वेगळा आहे की हेडर खराब झालं, हे प्रोग्रामला कळायला मार्गच नाही. म्हणून सगळ्याला एकच उत्तर.

७.२ च्या वाटेला जाऊ नका. ट्रूक्रिप्ट फेब्रुवारी २००४ मध्ये आलं, पॉल ल रू यांच्या ई-फोर-एम या आधीच्या एन्क्रिप्शन प्रोग्रामच्या कोडवर उभं. शेवटची पूर्ण आवृत्ती ७.१ए, फेब्रुवारी २०१२. मग २८ मे २०१४ ला साइटवर अचानक 'हे सुरक्षित नाही' अशी पाटी लागली आणि ७.२ आली, जी फक्त जुनं उघडून देते, नवं काही बनवत नाही. एप्रिल २०१५ मध्ये संपलेल्या ऑडिटात मागचा दरवाजा वगैरे सापडला नाही. पण त्याच वर्षी गूगलच्या जेम्स फोरशॉ यांनी विंडोज ड्रायव्हरमधल्या दोन चुका दाखवल्या. व्हेराक्रिप्टने त्या १.१५ मध्ये बुजवल्या, ट्रूक्रिप्टमध्ये त्या कायमच्या राहिल्या.

(ट्रूक्रिप्ट बंद पडल्यावर व्हेराक्रिप्ट निघालं असं सर्रास सांगतात. पण व्हेराक्रिप्टची पहिली आवृत्ती त्याआधीची, जून २०१३ ची आहे.)

फतेगंज_लिनक्स:
वरचं सगळं बरोबर, पण नुसतं उघडून थांबलात तर पुढच्या वर्षी हाच धागा परत निघेल. क्रम असा ठेवा:

आधी कंटेनरची प्रत दुसऱ्या डिस्कवर. मग १.२६ काढून टाका, मशीन रिस्टार्ट करा आणि १.२५.९ टाका. दोन्ही एकत्र चालवू नका, लोड झालेला ड्रायव्हर एका आवृत्तीचा आणि प्रोग्राम दुसऱ्याचा झाला की भांडण होतं. पहिल्यांदा माउंट करताना (कंटेनर ड्राइव्हसारखा जोडताना) पर्यायांत 'रीड-ओन्ली' निवडा, ट्रूक्रिप्ट मोडवर टिक करा आणि दोन-चार फायली उघडून बघा.

उघडलं की डिसमाउंट करून 'चेंज व्हॉल्यूम पासवर्ड'मध्ये जा. वरच्या भागात ट्रूक्रिप्ट मोडची टिक, खाली नवा पासवर्ड. एवढ्याने हेडर व्हेराक्रिप्टचं होतं, ४० जीबी डेटाला हात लागत नाही, त्यामुळे काम मिनिटभराचं. चालतं फक्त ६.० आणि नंतरच्या ट्रूक्रिप्टच्या कंटेनरला.

लोक फसतात ते पुढे. ट्रूक्रिप्ट ७ चा ठरलेला हॅश (पासवर्डवरून किल्ली काढायचं सूत्र) होता आरआयपीईएमडी-१६०. खालच्या भागातला पीआरएफ (म्हणजे हाच हॅश निवडायचा रकाना) 'अनचेंज्ड' ठेवलात तर तोच हॅश राहतो, आणि १.२६.७ ने तोही हद्दपार केलाय. मग बदललेली फाईलही नव्या आवृत्तीत उघडत नाही. तिथे एसएचए-५१२ निवडा.

दांडियाबाजार_हिशेब:
१.२५.९ मध्ये उघडलं, सगळे फोल्डर दिसतायत. हॅश बदलतो. जुना पासवर्ड मात्र मंडळातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आता बदलला की प्रश्न मिटला ना?

फतेगंज_लिनक्स:
नाही. पासवर्ड बदलून फक्त हेडर नव्याने लिहिलं जातं, आतली मास्टर की (जिने खरा डेटा एन्क्रिप्ट होतो ती किल्ली) तीच राहते. कोणाकडे जुन्या फाईलची प्रत असेल तर त्यातल्या हेडरवरून आणि जुन्या पासवर्डवरून ती की मिळते, आणि तिच्याने तुमची आजची फाईलही उघडते. देणगीदारांची नावं आहेत म्हणताय, तर १.२५.९ मध्येच एसएचए-५१२ निवडून नवा व्हेराक्रिप्ट कंटेनर बनवा आणि फायली त्यात कॉपी करा. मग हेडर बदलायची कटकटही वाचली.

सूरसागर_काठ:
आणि १.२५.९ चा इन्स्टॉलर नव्या कंटेनरशेजारी ठेवू नका, जुन्या बॅकअप डिस्कवर ठेवा. जुन्या ट्रूक्रिप्ट कंटेनरच्या प्रती तिथेच पडून असतात. हाताशी लिनक्स असेल तर त्यावरचं क्रिप्टसेटअप हे एन्क्रिप्शनचं साधनही त्या उघडतं. हेडर बदलून देत नाही, पण फायली काढायला तेवढं पुरतं.