मदत हवी आहे: डायाब्लो ३ या व्हिडिओ गेममध्ये नेक्रोमॅन्सरऐवजी (मेलेल्यांना उठवून लढवणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) विच डॉक्टर घ्यावा का?
डायाब्लो २ (२०००) मधला नेक्रोमॅन्सर २०१२ च्या डायाब्लो ३ मध्ये काढून टाकला, त्याजागी विच डॉक्टर आणला. आधी नेक्रोमॅन्सरला सांगाडा उठवायला प्रेत लागायचं. बॉससमोर फौज मेली आणि आसपास प्रेत नसलं की खेळ आटोपला. क्लासची खरी मजा त्या ताणातच होती. विच डॉक्टरचे झोम्बी डॉग्स मात्र प्रेताशिवाय येतात, एकदम तीन.

नेक्रोमॅन्सरच्या अँप्लिफाय डॅमेज या शापाच्या जागी मी विच डॉक्टरचं पिरान्हाज स्किल ठेवलंय, शत्रूला १५% जास्त मार बसतो. झुनिमासाच्या सेटमुळे (एकत्र घालायच्या वस्तूंचा संच) फेटिश आर्मी, म्हणजे बोलावलेल्या बुटक्यांची फौज, २० सेकंदांत न जाता मरेपर्यंत टिकते. पण स्किलच्या जागा सहाच! डॉग्स काढून सोल हार्वेस्ट (जवळच्या शत्रूंचा जीव खेचून आपली ताकद वाढवणारं स्किल) घ्यावं का? की २०१७ चा नेक्रोमॅन्सर पॅकच विकत घेऊ? त्यातही सांगाड्यांच्या कमांड स्केलेटन्स स्किलला प्रेत लागत नाही, म्हणजे जुना ताण नाही, म्हणून अडलोय. दोन्ही क्लास खेळलेल्यांनी प्लीज सांगा.