नवऱ्याच्या कंपनीची कौन्सेलिंगची हेल्पलाईन मी वापरली तर कंपनीला कळतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितेय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत, अकरा वर्षं झाली. दिवाळीच्या आधी ह्यांच्या शिफ्टला पोअरिंग चालू असताना गरम मेटल उडून शेजारच्या माणसाचा पाय भाजला, त्याचा बूट ह्यांनीच ओढून काढला. तो माणूस बरा झाला, कामावर पण आला. हे मात्र अजून तिथंच आहेत. रात्री दोनला उठून बसतात, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात, पोरीवर कधी आवाज चढवला नव्हता ते आता ताट सरकवून उठतात. नाईट असली की निघायच्या आधी अर्धा तास दारात गाडीवर नुसते बसून राहतात, किक मारत नाहीत.

कंपनीने कॅन्टीनला पोस्टर लावलंय, ईएपी म्हणून, म्हणजे एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम. फोनवर मोफत कौन्सेलिंग, कर्मचारी आणि कुटुंबीय दोघांना, माहिती गोपनीय. त्याचा फोटो ह्यांच्या मोबाईलमध्ये सापडला मला. म्हणजे नंबर ठेवलाय, लावत नाहीत. विचारलं तर म्हणाले एचआरला कळलं की भट्टीवरनं काढून स्टोअरला बसवतील, ओव्हरटाईम गेला. घराचा हप्ता ओव्हरटाईमवरच चाललाय, त्यामुळं मला पण पुढं बोलवेना.

तर मला असं विचारायचंय की मी स्वतः फोन केला तर चालतो का, आणि ह्यांचा एम्प्लॉयी नंबर मागतील का, मागितला तर तो कंपनीकडं जातो का, आणि मी काय बोलले ते ह्यांना सांगतात का? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा, नुसतं "बिनधास्त करा" नको, ह्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

अपडेट: एवढ्या जणांनी लिहिलंत, मनापासून आभार. मला समजलं ते इथंच लिहिते, माझ्यासारख्या आणखी कुणाला उपयोग होईल.

ही सेवा बहुतेक ठिकाणी बाहेरची एजन्सी चालवते, कौन्सेलर कंपनीच्या पगारावर नसतो. एम्प्लॉयी नंबर किंवा कंपनीचं नाव विचारतात ते आपण त्या योजनेत बसतो का एवढं बघायला, आणि कंपनीला जातो तो नुसता आकडा, किती जणांनी वापरलं, नावं नाहीत. बायकोचा फोन चालतो, काही ठिकाणी आईवडील पण धरतात. सेशन मोजकी असतात, लांबचा उपचार लागला तर पुढं डॉक्टरकडं पाठवतात. मी बोललेलं ह्यांना पण सांगत नाहीत, हे वाचून खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. फक्त कुणाच्या जिवाला धोका वाटला किंवा कोर्टानं मागितलं तर गोपनीयता मोडू शकते, म्हणून पहिल्याच फोनला "कुठली माहिती कुणाकडं जाते" हे सरळ विचारून घ्या असं एका ताईंनी सांगितलं, ते मला सगळ्यात पटलं. एका वकील दादांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ सांगितलं, उपचार करणाऱ्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायची हे त्यात लिहिलेलं आहे, अपवाद पण त्यातच आहेत.

आणि कंपनीचा संबंधच नको असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, मनाच्या त्रासावर फोनवर बोलायला, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीत पण बोलतात. हा नंबर मी फ्रीजवर लावलाय. मुद्दाम कुणाला दाखवला नाही, पाणी प्यायला जातात तेव्हा दिसेल असा लावलाय. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे हे ह्यांना पण माहिती आहे, पण तिथं रांगेत शेजारची, गल्लीतली माणसं भेटतात, ते सध्या ह्यांना झेपणार नाही.

मी मंगळवारी ईएपीला फोन करणार आहे. ह्यांची फर्स्ट शिफ्ट असते आणि सासूबाई भजनाला जातात, दीड तास घर रिकामं मिळतं. ह्यांच्याविषयी तक्रार करायला नाही, ह्यांच्याशी रात्री दोनला काय बोलायचं ते विचारायला.

एकच राहिलं, ईएपीवर मराठीत बोलणारा कौन्सेलर आधी मागून घेता येतो का? हिंदीत मला भाजी घेण्यापुरतं जमतं, हे सगळं हिंदीत सांगायला नाही जमायचं.