‘संशोधन सांगते’ म्हटल्याने वाद मिटतो का?

अधोरेखित

‘आकडेमोड’ यांचा कालचा धागा वाचून गप्प राहायचे ठरवले होते, पण त्याखाली जमलेली वाहवा पाहून ते जमले नाही. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कायदे आणि योजना ठरवण्याचे काम सामाजिक शास्त्रांतील संशोधनावर सोपवावे; पुरावा हाती आला की मतभेदाला जागाच उरत नाही; त्यानंतरही जो वाद घालतो तो एक तर अडाणी असतो, नाही तर त्याचे कुठेतरी हितसंबंध गुंतलेले असतात.

यातला सुरुवातीचा भाग मला अर्धा मान्य आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील राहवे तुरुंगात एक कार्यक्रम सुरू झाला. वाया जाऊ लागलेल्या मुलांना तुरुंगात न्यायचे आणि जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यांनी त्यांच्या अंगावर ओरडत आतल्या जिण्याचे असे वर्णन करायचे की मुले भेदरून सुतासारखी सरळ व्हावीत, अशी ती कल्पना होती. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले आणि ठिकठिकाणी त्याच धर्तीचे कार्यक्रम निघाले. पुढे चिठ्ठ्या टाकून काही मुलांना पाठवणे आणि काहींना न पाठवणे अशा रीतीने झालेल्या नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलेच पुढे जास्त गुन्हे करताना आढळली. मोजले नसते तर हे कधीच कळले नसते, कारण पाहणाऱ्या प्रत्येकाला तो कार्यक्रम परिणामकारकच वाटत होता.

पण याच्या पुढे काय? एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते होते तिथेच ठेवले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड दुकानांची आधी आणि नंतर पाहणी केली, आणि नोकऱ्या घटल्याचे दिसत नाही असे १९९४ मध्ये लिहिले. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांवरून तेच गणित पुन्हा मांडून २००० मध्ये उलट उत्तर छापले, आणि त्याच अंकात कार्ड-क्रूगर यांनी त्यांना प्रत्युत्तर दिले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले तरी अर्थतज्ज्ञांमधला तो वाद संपलेला नाही. या चौघांपैकी अडाणी कोण, हे ‘आकडेमोड’ यांनी कृपया सांगावे.

आणि समजा, उद्या एकमताने ठरले की वेतन वाढवल्यावर शंभरांतल्या दोघांची नोकरी जाते आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांचा पगार वाढतो. मग ते वाढवावे की नाही? कोणत्या निर्णयाची किंमत काय पडेल आणि ती कोणाला मोजावी लागेल, एवढे संशोधक सांगू शकतो. ती कोणाकडून वसूल करायची हे त्याला विचारून ठरवता येत नाही, आणि त्यावरून भांडणाऱ्याला अडाणी म्हणणे तर मुळीच शोभत नाही.

आकडेमोड

माझ्या धाग्याचा इतका बारकाईने विपर्यास केल्याबद्दल आभार. मी ‘पुरावा’ म्हटले होते, ‘एखादा निबंध’ म्हटले नव्हते. दोन निबंध एकमेकांशी भांडतात म्हणून मोजणेच सोडून द्यायचे असेल, तर दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक पडला म्हणून वेळ पाहणेही सोडून द्या.

माझा राग कशावर आहे ते स्पष्ट सांगतो. शाळेच्या वर्गात मुले किती असावीत हा प्रश्न घ्या. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९८५ मध्ये ७९ शाळांत चिठ्ठ्या टाकून मुले वाटली, काही १३ ते १७ मुलांच्या वर्गात आणि काही २२ ते २५ मुलांच्या वर्गात. शिक्षकही चिठ्ठ्या टाकूनच नेमले. चार वर्षे हे चालले आणि लहान वर्गातली मुले वाचनात व गणितात पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचा फायदा तर अधिक झाला. याहून स्वच्छ उत्तर सामाजिक शास्त्रांत क्वचितच मिळते. तरीही या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत कोणीतरी उठून म्हणतो की आम्ही सत्तर जणांच्या वर्गात शिकलो, आमचे काय बिघडले? अशा माणसाशी सभ्यपणे बोलायचे तरी कसे?

खडूफळा

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण वर्गातल्या मुलांची संख्या हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. मी सव्वीस वर्षे प्राथमिकचे वर्ग घेतले आहेत आणि टेनेसीचा दाखला देणारा माणूस कॅलिफोर्नियाचे नाव घेत नाही, हेही तेवढीच वर्षे पाहते आहे.

टेनेसीचे निकाल पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग वीस मुलांवर आणायचे ठरवले, तेही एका उन्हाळ्यात आणि राज्यभर एकदम. हजारो नवे शिक्षक लागले. सधन वस्त्यांतल्या शाळांनी अनुभवी माणसे उचलली आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांत पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती झाली. खोल्या कमी पडल्या तिथे ग्रंथालये, संगीताच्या खोल्या यांचे वर्ग झाले. टेनेसीत दिसलेला फायदा इथे छातीठोकपणे कोणालाच दाखवता आला नाही.

मी हे वाचले तेव्हा मला आमची शाळा आठवली. कोणत्याशा अहवालाच्या आधारे आमच्या अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गाच्या दोन तुकड्या झाल्या. खोली एकच होती, म्हणून मध्ये प्लायवूडचे पार्टिशन आले, आणि तेही छतापर्यंत पोहोचत नव्हते. पलीकडे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी शिकवायची. तिची मुले सातचा पाढा म्हणू लागली की माझ्या मुलांचा आठचा पाढा सातवर जायचा. शेवटी आम्ही दोघींनी ठरवून घेतले की ती बोलेल तेव्हा मी लिहायला द्यायचे आणि मी बोलेन तेव्हा तिने. म्हणजे मुलांना शिकवणे निम्म्या वेळात उरकू लागले. वर्षअखेरीच्या तक्त्यात मात्र ‘वर्गसंख्या २४’ अशी नोंद झाली, आणि उद्या कोणी संशोधक तो तक्ता उघडून लहान वर्गांचा काही उपयोग नसतो असाही निष्कर्ष काढील.

आकडेमोड

बाई, तुमच्या शाळेबद्दल वाईट वाटले, पण हा दोष अंमलबजावणीचा आहे, पुराव्याचा नव्हे. टेनेसीने जे केले तेच केले असते तर तोच निकाल आला असता.

खडूफळा

‘अंमलबजावणी’ हा शब्द मी इतक्या बैठकांत ऐकला आहे की आता तो कानावर पडला तरी डोके उठते. योजना फसली की अंमलबजावणी चुकली आणि योजना यशस्वी झाली की संशोधन बरोबर होते, असा हा हिशेब आहे. यात तुमची बाजू हरणार तरी कधी? टेनेसीत खोल्या होत्या, शिक्षक मिळाले आणि ठरावीकच शाळा होत्या. सगळ्या राज्याने एकदम तेच करायचे म्हटले की शिक्षकच मिळेनासे होतात. ही गोष्ट त्या प्रयोगात तपासलेलीच नव्हती, मग हा दोष पुराव्याचा नाही कसा? आणि ‘बाई’ म्हणालात त्यात आदर असेल तर ठीक आहे.

अधोरेखित

धागा शाळेत शिरला आहे आणि लवकर बाहेर पडेल असे दिसत नाही. तरीही ‘खडूफळा’ यांनी मांडलेला मुद्दा माझ्या मुद्द्याहून सरस आहे हे मान्य करतो. एका ठिकाणी खरे ठरलेले दुसरीकडे खरे ठरण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी जागेवर लागतात, हे शोधणेही संशोधनाचेच काम आहे, आणि ते बहुतेक वेळा राहून जाते.

पायपीट

मी कॉलेजात असताना दोन उन्हाळे सर्वेक्षणाचे अर्ज भरले आहेत, तेव्हा त्या अनुभवावर बोलतो. प्रश्नावली चौदा पानी होती. गेल्या तीस दिवसांत तुम्हाला किती वेळा हताश वाटले, हा प्रश्न घरातल्या बाईला एकटीला विचारायचा असा नियम होता. नवरा दारातून हलत नसे आणि आतून उत्तरही तोच देई: “तिला कशाला वाटेल तसे?” मी ‘एकदाही नाही’ या चौकोनात खूण करत असे. संध्याकाळी उरलेले दोन-तीन अर्ज तर अंदाजानेच भरले, कारण दर अर्जामागे पैसे मिळत होते आणि परतीची शेवटची गाडी चुकवून चालणार नव्हते. ‘आकडेमोड’ यांचा पुरावा वरच्या मजल्यावर कितीही चकचकीत असला तरी तळमजल्यावर माझ्यासारखी मुले असतात, एवढेच सांगायचे होते.

आकडेमोड

म्हणजे तुम्ही स्वतः खोटे अर्ज भरलेत आणि त्याचा दोष सामाजिक शास्त्रांचा! धन्य आहे. बाकी चालू द्या.

तिसरी बाजू

‘पायपीट’ यांनी निदान कबूल तरी केले. यापेक्षा मोठा प्रकार २०१४ मध्ये घडला, आणि तो या धाग्याच्या मूळ प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. दारोदार जाऊन केलेल्या एका संभाषणाने समलिंगी विवाहाबद्दलचे लोकांचे मत दीर्घकाळ बदलते, असे मायकेल लाकूर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले आणि त्याची जगभर चर्चा झाली. डेव्हिड ब्रुकमन आणि जॉशुआ कल्ला हे दोन तरुण संशोधक त्याच धर्तीचा अभ्यास करायला निघाले, तेव्हा त्यांना आकड्यांत काहीतरी खटकले. लाकूर यांनी सांगितलेले सर्वेक्षण झालेच नसल्याचे दिसू लागले, ग्रीन यांनी स्वतःच निबंध मागे घेण्याची विनंती केली आणि २०१५ मध्ये तो मागे घेतला गेला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते आणि ती सांगून लोक छद्मी हसतात. पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ब्रुकमन आणि कल्ला यांनीच मायामीत खरा प्रयोग केला. पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याबद्दल घराघरांत सुमारे दहा मिनिटे बोलणे, एवढाच तो होता. बोलणारे भाषण देत नव्हते. तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कोणी कधी कमी लेखले होते का, हे ते विचारत आणि ऐकून घेत. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. खोटेपणा उघड करणाऱ्यांनीच मूळ कल्पनेत तथ्य असल्याचे दाखवून दिले.

‘आकडेमोड’, तुम्ही विचारले होते की अशा माणसाशी सभ्यपणे बोलायचे कसे. तुमच्याच आवडत्या शास्त्राने त्याचे एक उत्तर दिले आहे, आणि त्यात ‘अडाणी’ हा शब्द येत नाही.

शंकेखोर

दहा मिनिटांच्या संभाषणाने जग सुधारत असते तर आतापर्यंत सुधारले असते. येल विद्यापीठातील डॅन कहान आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोगही विसरू नका. आकड्यांचा एकच तक्ता त्यांनी काहींना त्वचेच्या मलमाचा म्हणून दाखवला आणि काहींना बंदूकबंदीचा म्हणून. मलमाच्या बाबतीत गणितात हुशार असलेल्यांनी अधिक अचूक उत्तरे दिली. बंदुकीचा विषय येताच तीच हुशार मंडळी आपल्या पक्षाला सोयीच्या बाजूला झुकली, आणि डेमोक्रॅट व रिपब्लिकन या दोन पक्षांतले अंतर गणितात कच्च्या असलेल्यांपेक्षा त्यांच्यातच जास्त निघाले. तेव्हा ‘आकडेमोड’ हे टोपणनाव घेण्यापूर्वी विचार करायला हवा होता.

आकडेमोड

टोपणनावावर आलात म्हणजे मुद्दे संपले असे धरून चालतो.

तरीही नोंद करून ठेवतो. ‘मतभेदाला जागाच उरत नाही’ हे वाक्य मागे घेतो. ते रात्री उशिरा लिहिले होते. ‘अडाणी’ हा शब्दही मागे घेतो, कारण तो ठेवला तर नोबेलविजेत्यांना लागू पडतो, हे ‘अधोरेखित’ यांनी माझ्या गळी उतरवले आहे. ‘हितसंबंध’ मात्र मागे घेत नाही. आणि गंमत इतकीच की माझ्यावर संशोधनाची अंधभक्ती केल्याचा आरोप करणाऱ्या प्रत्येकाने त्यासाठी संशोधनच पुढे केले आहे. नऊ प्रयोगांचा आढावा, मायामी, बंदुकीचा तक्ता. मोजण्यावर तुमचाही विश्वास आहे, फक्त तो मी व्यक्त केला की तुम्हाला टोचतो.

अधोरेखित

हे मात्र लागले. उत्तर सुचत नाही.

तिसरी बाजू

मग एक करून पाहू या. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी आपल्या टीकाकारांसोबत एक पद्धत वापरली होती: दोन विरोधकांनी मिळून प्रयोग आखायचा, आणि कोणता निकाल आला तर कोणाचे म्हणणे खोटे पडेल हे प्रयोगाच्या आधीच लिहून द्यायचे. कानेमन यांचा स्वतःचा अनुभव असा की निकालानंतरही क्वचितच कोणी मत बदलते, पण आपण नेमके कशावरून भांडत आहोत हे दोघांनाही कळते. ‘खडूफळा’ आणि ‘आकडेमोड’, तुम्ही दोघे लिहून देता का?

खडूफळा

देते. मुले चोवीसच्या वर नकोत, शिक्षक पूर्ण प्रशिक्षित हवा, आणि खोलीला चार भिंती व स्वतःचे दार हवे. एवढे सगळे देऊन दोन वर्षांत मुलांच्या वाचनात फरक पडला नाही, तर मी इथे येऊन लिहीन की अठ्ठेचाळीसचा वर्ग चालतो.

आकडेमोड

अटी मान्य. चोवीस हा आकडा टेनेसीच्या मोठ्या वर्गाचा आहे हे लक्षात आणून देतो, त्यामुळे तो सतरावर आणावा लागेल. आणि दोन वर्षे अपुरी आहेत. टेनेसीचा प्रयोग चार वर्षे चालला होता.

खडूफळा

सतरा मान्य. चार वर्षांनी मी निवृत्त झालेली असेन, त्यामुळे निकाल वाचायला मला इथेच बोलवा.