दिवाळीच्या बटाट्यांची पोती शनिवारच्या आत कुठे हलवायची?

प्रेषक: फराळ समिती

सर्व सभासदांना नमस्कार.

सभागृहाच्या मागची खोली शनिवारपर्यंत रिकामी करून द्यायची असल्याने आपल्या अलॉटमेंटवरून (भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या प्लॉटवरून) आलेली बटाट्यांची सगळी पोती त्याआधी हलवणे भाग आहे. कार्यक्रम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे, म्हणजे माल अजून महिनाभर चांगला राहायला हवा. गेल्या वर्षीच्याच गॅरेजची जागा पुन्हा मिळू शकते, शिवाय एका सभासदांनी आपल्या उपाहारगृहाच्या शीतखोलीत पोती ठेवण्याची तयारी दाखवली आहे. दोघांचेही आभार.

मात्र गेल्या वर्षी बटाट्याचा चिवडा तळताना जे झाले ते या वर्षी होऊन चालणार नाही. कीस कढईत पडताक्षणी तपकिरी होत होता, वरून करपट आणि आतून मऊ राहत होता, आणि नवे तेल आणूनही काही फरक पडला नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींसाठी ताटात तोच एक तिखट पदार्थ असतो, त्यामुळे यावर आधीच विचार व्हावा. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी गुरुवारपर्यंत कळवावे.

---

प्रेषक: बागकाम गट
उत्तर: फराळ समितीस

नमस्कार.

दोष तेलाचा नव्हता आणि तळणाऱ्यांचा तर मुळीच नव्हता. बटाटा साधारण ७-८ अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. ही साखर आणि बटाट्यातलीच अमिनो आम्ले गरम तेलात एकत्र आली की रंग झपाट्याने गडद होतो आणि चव कडवट होते. ऑक्टोबरच्या अखेरीस येथे ब्रिटनमध्ये उघड्या गॅरेजात रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत सहज उतरतो, आणि उपाहारगृहाची शीतखोली तर त्याहूनही थंड असते. म्हणून चिवड्याचे बटाटे शीतखोलीत ठेवण्यास आमच्या गटाचा स्पष्ट विरोध आहे.

वड्यांचे गणित निराळे आहे. तेथे बटाटा उकडला जातो आणि कढईत रंग येतो तो बेसनाला, त्यामुळे सारण किंचित गोडसर झाले तरी आले, मिरची आणि लिंबू ते सांभाळून घेतात. तेव्हा पोत्यांचे दोन भाग करावेत. वड्यांची पोती खुशाल गॅरेजमध्ये जावीत, पण भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळ्यांवर. चिवड्याची पोती घरात, रेडिएटर (खोली तापवणारे यंत्र) बंद केलेल्या खोलीत किंवा जिन्याखालच्या कपाटात, १० ते १५ अंशांत ठेवावीत. आपला सगळा माल मॅरिस पायपर आहे. केंब्रिजजवळ पैदास झालेला आणि १९६६ पासून या देशातल्या चिप्सच्या दुकानांनी डोक्यावर घेतलेला हा वाण तळणीला उत्तम आहे, परंतु थंडीत ठेवल्यावर कोणताही चांगला वाण हात देत नाही.

प्रकाश पूर्ण बंद हवा. हिरवा पडलेला बटाटा उकडून किंवा तळून निर्धोक होत नाही, त्यातले सोलॅनिन हे विष बऱ्याच अंशी तसेच राहते. तो बाजूला काढून टाकावा.

---

प्रेषक: एक सभासद (पूर्व विभाग)
उत्तर: बागकाम गटास

काका, आपल्या अनुभवाविषयी आदर आहेच, तरीही शीतखोलीला एवढा ठाम विरोध मला पटत नाही. येथील अन्न मानक संस्था पूर्वी बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका असे सांगत असे, परंतु २०२३ मध्ये तिने तो सल्ला बदलला. घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्यामुळे तळताना, कर्करोगाला कारण ठरू शकणारे अ‍ॅक्रिलामाइड तयार होण्याचा धोका लक्षणीय वाढत नाही, असे आता तिचे म्हणणे आहे. बटाटे कोंब येऊन फेकले जाण्यापेक्षा थंड जागी टिकलेले बरे. दुकानातल्या बटाट्यांना कोंब येऊ नयेत म्हणून पूर्वी वापरले जाणारे क्लोरप्रोफॅम २०२० पासून बंद झाले आहे, आणि आपल्या पोत्यांवर तर कधीच काही मारलेले नसते. महिनाभर १५ अंशांत ठेवून कोंब फुटले तर जबाबदारी कोणाची?

---

प्रेषक: बागकाम गट
उत्तर: पूर्व विभागाच्या सभासदांस

तो सल्ला आरोग्याविषयी आणि घराघरांतून वाया जाणाऱ्या अन्नाविषयी आहे. चिवड्याचा रंग आणि चव हा त्याचा विषयच नाही. भारतात शीतगृहातून निघालेला बटाटा गोड लागतो आणि त्याचे वेफर्स लाल पडतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी माहीत आहे. २ ते ४ अंशांत महिनोन्‌महिने ठेवलेला तोच बटाटा, म्हणून तर वेफर्ससाठी शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेला कुफरी चिप्सोनासारखे निराळे वाण काढावे लागले.

कोंबांची भीती या वेळी बाळगण्याचे कारण नाही. काढणीनंतर बटाटा काही आठवडे सुप्त असतो आणि आपली काढणी सप्टेंबरातली आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत फार तर डोळे पांढुरके दिसतील. मार्चपर्यंत ठेवायचे असते तर मीही ४ ते ५ अंशच सांगितले असते.

---

प्रेषक: एक सभासद (नदीपलीकडील वसाहत)

सर्वांना नमस्कार.

माझे माहेर आंबेगाव तालुक्यातले. सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा निघतो आणि भाव पडलेला असला की लोक तो लगेच विकत नाहीत, आरण लावतात. माझे वडील झाडाच्या दाट सावलीत बटाट्यांचा लांबट ढीग घालून तो पाचटाने जाड झाकत, आणि आरणीजवळ गेले की आधी वाकून वास घेत. आंबूस वास आला की त्याच दिवशी पूर्ण ढीग उपसून निवडायचा, उद्यावर टाकायचे नाही. सडका बटाटा आपल्या भोवतीचे दहा घेऊन जातो, असे ते म्हणत. येथील शेतकरीही पूर्वी गवताचा पेंढा आणि माती घालून बटाट्याचे असेच ढीग लावत असत. अलॉटमेंटवरच एका कोपऱ्यात आरण लावली तर कोणाच्याच घराची अडचण होणार नाही.

आणखी एक. सभागृहाच्या खोलीत या क्षणी बटाट्याच्या पोत्यांना टेकून कांद्याची पोती उभी आहेत. बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो, म्हणून ती आजच वेगळी करावीत.

---

प्रेषक: बागकाम गट
उत्तर: नदीपलीकडील ताईंस

ताई, आरणीचे वर्णन वाचून फार आनंद झाला, आणि वासाची परीक्षा आपण सर्वांनीच घ्यावी अशी आहे. परंतु आपल्या प्लॉटवर आरण लावता येणार नाही. सातगाव पठाराची जमीन पाण्याचा निचरा करते, आपली चिकणमाती ऑक्टोबरच्या पावसात पाणी धरून ठेवते. शिवाय गोगलगायी आणि उंदीर आहेत, आणि प्लॉट समितीच्या नियमांत उघड्यावर ढीग ठेवायला परवानगी नाही. प्लॉटवर काय करायचे याचा निर्णय बागकाम गटाच्या बैठकीतच व्हावा, ही विनंती मी या निमित्ताने पुन्हा करतो.

निवडण्याबाबत मात्र ताईंचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. ऑगस्टमध्ये करपा हा पाने-कंद सडवणारा रोग दिसताच आपण पाला जमिनीलगत कापून प्लॉटबाहेर नेला आणि बटाटे दोन आठवड्यांहून अधिक काळ मातीतच राहू दिले, जेणेकरून साल पक्की व्हावी आणि काढताना वरच्या मातीतले बीजाणू बटाट्याला लागू नयेत. तरीही एखाद-दुसरा आत शिरलेला असतोच. बाहेरून किंचित खोलगट, जांभळट-तपकिरी डाग दिसतो आणि नखाने साल खरवडली की खाली विटकरी रंगाचा, दाणेदार गर लागतो. असा बटाटा कापून उरलेला वापरण्याचा मोह टाळावा आणि तो प्लॉटवरच्या खतात तर मुळीच टाकू नये. पुढच्या वर्षी तेथूनच करपा सुरू होतो.

---

प्रेषक: एक सभासद (पूर्व विभाग)

करप्याचा विषय निघालाच आहे तर पुढच्या वर्षी निम्म्या प्लॉटवर सारपो मिरा लावावा. करप्याला त्याइतका दाद न देणारा वाण घरगुती बागेत क्वचितच मिळतो. काही मंडळी याच पोत्यांतून बेणे काढून ठेवतात असे ऐकतो, ते थांबावे. विषाणूमुक्त, प्रमाणित बेणे स्कॉटलंडहून येते आणि फार महागही नसते.

जिन्याखालचे कपाट माझ्याकडे आहे. त्यात दोन पोती मावतील. गॅसचा बॉयलर दुसऱ्या टोकाला असल्याने ते गरम होत नाही. शीतखोलीचा आग्रह मी सोडतो, परंतु पोती घरात घेण्याआधी एकदा तळून पाहावे असे मला मनापासून वाटते.

---

प्रेषक: फराळ समिती

सर्वांचे आभार. तळून पाहण्याची सूचना समितीला मान्य आहे. शुक्रवारी संध्याकाळी सभागृहाच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पोत्यातला एक बटाटा मध्यावर कापून त्याची पातळ चकती तळली जाईल. चकती फिकट सोनेरी राहिली तर ते पोते चिवड्यासाठी, कडेने किंवा मध्ये तपकिरी झाली तर वड्यासाठी. पोत्यांवर खडूने तशी खूण करू. रंग गडद आलेली पोती अधिक निघाली तर ती १५ ते १८ अंशांत दोन-तीन आठवडे ठेवल्यावर साखर बरीच उतरते असे काकांनी दूरध्वनीवर सांगितले आहे, आणि तेवढा अवधी आपल्या हाताशी आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कीस गार पाण्यात अर्धा तास ठेवून, निथळून, पंचावर कोरडा करूनच कढईत जाईल.

पोती ज्यूटचीच असावीत, प्लास्टिकच्या पिशव्यांत बटाटे आणू नयेत. कांदे वेगळे केले आहेत. सफरचंदांच्या पेट्या चिवड्याच्या पोत्यांजवळ ठेवू नयेत, कारण पिकत्या सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूचा परिणाम साठवलेल्या बटाट्यांवर होतो.

आता प्रश्न एवढाच उरला आहे की चिवड्याच्या आणखी दोन पोत्यांसाठी अंधारी, न तापणारी जागा कोणाकडे आहे, आणि शनिवारी सकाळी दहा वाजता मोठी गाडी घेऊन कोण येऊ शकेल. कृपया या दोनच गोष्टींवर उत्तर द्यावे.

---

प्रेषक: एक सभासद (नदीपलीकडील वसाहत)

उत्तरेकडच्या लहान खोलीचा रेडिएटर आज बंद केला आहे आणि खिडकीला जाड पडदा लावला आहे. दोन्ही पोती माझ्याकडे पाठवावीत. गाडी आमच्या ह्यांची आहे, ते दहा वाजता येतील. दर रविवारी पोती उघडून, वास घेऊन आणि वरचे बटाटे हाताने चाचपून मी येथे कळवीत जाईन.