शब्दचर्चा : सॅबाइन मुलींचं ‘हरण’, ‘अपहरण’ की ‘बलात्कार’?

आमच्या वाचनगटासाठी युरोपातल्या काही चित्रांची मराठीत ओळख लिहितेय आणि एका शीर्षकापाशी अडले आहे. चित्र एदगार देगाचं. बॅलेच्या मुली रंगवणारा तोच देगा, पण हा 1861-62 च्या सुमाराचा, अजून हात तयार करणारा. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात फ्रेंच चित्रकार निकोला पुसाँचं सतराव्या शतकातलं एक मोठं चित्र आहे, त्याची त्याने तैलरंगात प्रत केली. ती आता कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.

विषय रोमच्या स्थापनेच्या कथेतला. रोम्युलसने नगर वसवलं, पण नगरात बायका नाहीत आणि शेजारी मुली द्यायला तयार नाहीत. मग त्याने कॉन्सस देवाच्या उत्सवाचं आवतण धाडलं. शेजारचे सॅबाइन लोक लेकीबाळींसकट आले आणि खुणेसरशी रोमन तरुण त्यांच्या मुलींवर तुटून पडले. खूण काय, तर राजाने उठून अंगावरचा झगा सावरायचा. हे प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय. चित्रात रोम्युलस डावीकडे उंचावर तसाच झगा धरून उभा आहे आणि खाली नुसता आकांत.

इंग्रजी शीर्षकात ‘रेप’ आहे. मराठीत काय लिहावं?

प्रतिसाद 1

ताई, ‘बलात्कार’ लिहू नका, वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘रापेरे’ आहे. त्याचा अर्थ हिसकावणं, झडप घालून नेणं. शिकारी पक्ष्यांना ‘रॅप्टर’ म्हणतात ते त्यावरूनच. इंग्रजीत तो शब्द पुढे एकाच अर्थापाशी येऊन थांबला, या चित्रांच्या नावांत मात्र जुना अर्थ राहिला. स्पॅनिशमध्ये ही अडचणच येत नाही. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को प्रादियाने 1874 मध्ये हाच प्रसंग रंगवला, त्याचं नाव ‘एल राप्तो दे लास साबीनास’. ‘राप्तो’ म्हणजे पळवून नेणं, बलात्काराला तिथे ‘व्हियोलासियोन’ हा वेगळा शब्द आहे. जर्मन ‘राउब’ म्हणतात, म्हणजे सरळ लूट.

गंमत अशी की आपला शब्दही त्याच वाटेने गेलाय. बलात् म्हणजे बळाने. गीतेत अर्जुन विचारतो, ‘अनिच्छन्नपि वार्ष्णेय बलादिव नियोजितः’, इच्छा नसताना बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? तिथे जबरदस्ती एवढाच अर्थ. दिगंबर जैनांच्या एका जुन्या परंपरेचं नावच ‘बलात्कार गण’, आणि तिची गादी आपल्या विदर्भात कारंजा लाडला होती. आज ते नाव वाचताना माणूस दचकतो, इतका अर्थ आकसला आहे.

प्रतिसाद 2

‘हरण’ हाच आपला शब्द! सीताहरण, रुक्मिणीहरण, सुभद्राहरण. ‘हृ’ धातूचा अर्थच नेणं, हिरावणं. शिवाय मनुस्मृतीत राक्षसविवाहाची व्याख्या बघा : ‘क्रोशन्तीं रुदतीं गृहात्, प्रसह्य कन्याहरणम्’. ओरडणाऱ्या, रडणाऱ्या मुलीला घरातून जबरीने नेणं. सॅबाइनांची कथा याच साच्यातली, फक्त घराऐवजी उत्सव.

जाता जाता एक : इटालियनमध्ये या प्रसंगाला ‘रात्तो’ म्हणतात आणि ‘रात्तो’ म्हणजे उंदीरही. आपल्याकडे हरण म्हणजे पळवून नेणंही आणि रानातलं हरीणही. सीतेच्या गोष्टीत तर दोन्ही एकत्र येतात.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, श्लोक अगदी चपखल आहे, पण तुम्ही दिलेल्या यादीतच माझी अडचण आहे. सीता नको म्हणत होती. रुक्मिणीने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावलं होतं. सुभद्रेचं मन अर्जुनावर होतं, ‘संगीत सौभद्र’ पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. ‘हरण’ या तिन्ही प्रसंगांना पोटात घेतं, त्यामुळे बाईची इच्छा होती की नव्हती हे त्या शब्दातून कळत नाही. ‘पळवून नेली’चंही तेच, गावात तसं म्हटलं की निम्मे लोक प्रेमविवाह समजतात. रोमच्या कथेत तर याचीच लबाडी आहे. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की रोम्युलस नंतर मुलींना समजावत फिरला : दोष तुमच्या बापांच्या गर्वाचा, आता राग सोडा, तुम्ही लग्नाच्या बायका व्हाल. शब्द मवाळ निवडला तर आपणही रोम्युलसच्याच बाजूने बोलू.

पुढची गोष्ट मला माहीत आहे. बाप आणि नवरे लढायला उभे राहिले तेव्हा याच बायका मुलं घेऊन मध्ये शिरल्या, आणि फ्रेंच चित्रकार दाव्हिदने 1799 मध्ये तोच क्षण रंगवला, मधोमध हात पसरलेली हर्सिलिया, त्या पळवलेल्या बायकांपैकीच एक. पण पुसाँ आणि देगाच्या चित्रात तो समेट नाही. तिथे पाय जमिनीवरून सुटलेल्या मुली आहेत. फ्रेंच शीर्षकातला ‘आँलेव्हमाँ’ हा शब्द ‘उचलणे’ या क्रियापदापासून आलाय, आणि चित्रात अक्षरशः तेच घडतंय.

प्रतिसाद 1

मग ‘अपहरण’? बातमीतल्या खंडणीचा वास येतो, पण इच्छेविरुद्ध नेलं याबद्दल शंका राहत नाही. आणि ‘स्त्रियां’ऐवजी ‘कन्या’ म्हणा. लिव्ही कुमारिकाच म्हणतो. एकटी हर्सिलिया विवाहित होती आणि ती चुकून पकडली गेली, असं प्लुटार्क म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. वास आला तरी चालेल. ओळख अशी लिहिते :

‘सॅबाइन कन्यांचं अपहरण. निकोला पुसाँच्या चित्रावरून एदगार देगाने केलेली प्रत, तैलरंग, 1861-62 च्या सुमारास. फ्रेंच शीर्षकाचा शब्दशः अर्थ : सॅबाइन मुलींना उचलून नेणं.’