फ्लिंटलॉक रायफल: ठिणगीच पडत नाही, मदत हवी आहे (अर्जंट)

गॅरेजवाला: मंडळी, पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो. दीड वर्ष झालं, वीकेंडला फ्लिंटलॉक (गारेच्या ठिणगीने बार उडणारी, ठासणीची) लाँग रायफल हाताने बनवतोय, 18व्या शतकात इथले जर्मन कारागीर बनवायचे तशी. कर्ली मेपलचा दस्ता, 42 इंची अष्टकोनी नळी (ती विकतची, तेवढं चालतं). नळी आणि लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) दस्त्यात बसवताना काजळी लाव, दाब, डाग पडेल तिथे खरवड, यातच चार महिने गेले. आता सगळं जोडलंय तर ठिणगीच नाही!! घोडा पडतो, फ्रिझन (गार जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी) उघडतं, दोन मरतुकड्या ठिणग्या आणि संपलं. पॅनमधली रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) ढिम्म. गार (चकमकीचा दगड) तीनदा बदलली. शनिवारी ग्रुपला दाखवायची आहे. लॉक विकत घे हे सांगू नका प्लीज.

तात्या_पुणे: लॉक विकत घ्या. तेव्हाचे कारागीरसुद्धा बरेचदा इंग्लंड-जर्मनीहून आलेली लॉक बसवायचे, मग तुमचा हट्ट कसला?

गॅरेजवाला: तात्या, वाचलंत का शेवटचं वाक्य?

रानडुक्कर: लायसन्स आहे का? आमच्याकडे कोकणात ठासणीच्या बंदुकीवरून केवढ्या भानगडी होतात माहितीये ना.

मेधा_सिएटल: तिकडच्या फेडरल कायद्यात फ्लिंटलॉक अँटिकमधे धरतात, प्रतिकृतीसुद्धा. राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते बघा. भारतात मात्र आर्म्स अ‍ॅक्ट 1959, परवान्याशिवाय बनवणं गुन्हा, त्यामुळे हा धागा वाचून कुणी गॅरेजात शिरू नका. आणि मूळ प्रश्न हा नव्हताच.

लोहारदादा: गार कुठे आपटते? फ्रिझनच्या वरच्या एक तृतीयांश भागात आपटून खाली खरवडत यायला हवी. चामड्यात धरलीये ना? आणि फ्रिझन कशाचं, त्याला पाणी दिलंय का?

गॅरेजवाला: वरच आपटते, चामडं आहे. पाणी म्हणजे? गंजेल ना.

लोहारदादा: अरे देवा. पाणी देणं म्हणजे लाल करून बुडवणं, कडक करायला. नळी रिकामी ठेवून दहा वेळा घोडा पाडा आणि फ्रिझनवर ओरखडे कसे पडतात ते सांगा.

तात्या_पुणे: ठिणगी दगडातून येते, दगड बदला. आपल्याकडचा अकीक मागवा.

लोहारदादा: तात्या, ठिणगी दगडातून येत नाही हो. गार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. म्हणून तर विचारतोय फ्रिझन कशाचं आहे.

गॅरेजवाला: ओरखडे खोल आहेत, नांगरल्यासारखे. बुडवलं होतं की, लाल करून तेलात. फ्रिझन मीच घडवलं, हार्डवेअरच्या दुकानातून सळई आणून. माइल्ड स्टील. हे महत्त्वाचं आहे का?

लोहारदादा: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!!! त्यात कार्बन फारच कमी, शंभरदा तेलात बुडवा, मऊच राहणार. नवी कानस घासून बघा, कडक फ्रिझनवर घसरेल, तुमच्यात रुतेल.

मेधा_सिएटल: माझे आजोबा बिडीसाठी चकमक बाळगायचे, गार, पोलाद आणि शेवरीचा कापूस. ते पोलाद गावच्या लोहाराने मोडक्या कानशीचं करून दिलं होतं. उगाच आठवलं.

लोहारदादा: उगाच नाही ताई, उपाय तोच. जुनी चांगली कानस घ्या (आताच्या स्वस्त कानशी कधीकधी आतून मऊ निघतात), लाल करून राखेत सावकाश थंड होऊ द्या म्हणजे मऊ होईल. दात घासून काढा, फ्रिझनच्या तोंडाचा बाक द्या, रिव्हेटने तोंडावर बसवा. मग लाल करून तेलात, आणि शेवटी तोंड वाळक्या गवतासारख्या फिक्या पिवळ्या रंगावर येईपर्यंत तापवा, नाहीतर तडकेल. जुन्या काळीही झिजलेल्या फ्रिझनला असाच तळवा ठोकायचे. दुसरा मार्ग हाडांच्या कोळशात बंद डब्यात काही तास लाल ठेवून बुडवायचं, पण तो थर पातळ, गार लवकर खाऊन टाकते.

तात्या_पुणे: लॉक विकत घेतलं असतं तर शनिवारी बार उडाला असता.

गॅरेजवाला: तात्या 🙏 कानस घासली, कचकन रुतली. शनिवारचं रद्द केलं. शेजारचा म्हातारा सुतार आहे, त्याच्याकडे कानशींचा डबाच आहे म्हणे, संध्याकाळी जातो.

रानडुक्कर: दस्त्याला मेपलऐवजी सागवान चालेल का?