जुन्या एस्टीमला लोअरिंग स्प्रिंग टाकायच्यात, शॉकअप तेच ठेवू की बदलू?

कासारवडवली_एस्टीम

नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची एस्टीम व्हीएक्सआय आहे, एमएच ०४ पासिंग, पहिल्यापासून घरातलीच. बाबांनी आता चालवणं सोडलंय त्यामुळे दोन महिन्यांपासून मीच रोज कासारवडवलीहून महापेला नेतो, घोडबंदर रोड, मग कळवा-विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. इंजिन अजून एक नंबर आहे, दिघ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्यात अशी खेचते की मन भरून येतं. पण सत्तर-ऐंशीच्या वर गेलं की होडीत बसल्यासारखं वाटतं, पुलाच्या जॉइंटवरून गेली की दोन-तीनदा वरखाली होते मग शांत होते, वळणावर एका बाजूला अंग टाकते. आणि चाकाच्या वर एवढी पोकळी दिसते की पंजा सहज आत जातो.

माझा विचार असा की ४० एमएम खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकायच्या आणि शॉकअप सध्याचेच ठेवायचे, कारण ऑइल गळताना दिसत नाहीये. एक गॅरेजवाला तर म्हणाला नवीन स्प्रिंग कशाला घेतोस, आहे तीच एक वेढा कापून देतो. आणि शॉकअप बदलायचेच असतील तर गॅसचे की ऑइलचे? ही गाडी मला अजून दहा वर्षं तरी ठेवायची आहे म्हणून नीट विचारून करतोय.

नेरूळ_जुनी_गाडी

आधी एक सांगतो, कापू नकोस. बाकीचं नंतर बोलू पण कापू नकोस.

तू जी होडी म्हणतोयस ना ती उंचीमुळे नाहीये, शॉकअप संपलेत म्हणून आहे. गाडीचं वजन स्प्रिंग धरते, शॉकअप फक्त त्या स्प्रिंगचं हलणं थांबवतो. चांगला शॉकअप असेल तर जॉइंटवरून गेल्यावर गाडी एकदा वर येते आणि बसते, तुझी तीनदा हलतेय म्हणजे आतले व्हॉल्व्ह आणि सील गेलेत, बाहेर ऑइल दिसो न दिसो. अशा शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकलीस तर अजून उड्या मारेल. लोअरिंग स्प्रिंग आखूड असते म्हणून ती जास्त कडक करावीच लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे चाक पूर्ण वर गेल्यावर अडवणाऱ्या रबरावर, आदळेल. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर तिला आवरायला शॉकअपचा जोर पण साधारण १४ टक्के जास्त लागतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. कंपनीच्या मापाच्या नव्या शॉकअपला हे जेमतेम जमेल, वीस वर्षं जुन्याला अजिबात नाही.

४० एमएम तर विसरच. समज चाकाला वर जायला ७० एमएम जागा आहे, त्यातले ४० तू उभ्या गाडीतच खाल्लेस, राहिले ३०. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडचा एक खड्डा मोजून बघ. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळू चढउतार असलेला पाहिजे, आपल्या सोसायट्यांच्या गेटवर जे आहेत ते त्याच उंचीचे पण हातभर रुंदीचे. चार माणसं बसली की चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, घासणार, आणि चेंबर फुटला की इंजिनच गेलं.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, आणि खाली चाकाला धरणारा एक लोअर आर्म. त्यात गाडी फार खाली घेतली की लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला दिसतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, गाडीच्या वजनाचं केंद्र जेवढं खाली येतं त्यापेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं आणि वळणावर कलंडायचा जोर उलट जास्त होतो! लोक खाली करतात कलू नये म्हणून आणि होतं भलतंच. २० ते २५ एमएम पर्यंत ठीक, आपल्याकडच्या रस्त्याला त्याच्या पुढे मी तरी कोणाला सांगणार नाही.

कळवा_वर्कशॉप

नेरूळच्या काकांशी पूर्ण सहमत. आमचं घरचंच गॅरेज आहे म्हणून कापण्याबद्दल थोडं लिहितो. सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला तर राहिले पाच, स्प्रिंग तिथेच २० टक्के कडक झाली. हे कोणी मोजत नाही. गॅस कटरने कापली तर तेवढ्या भागाचा टेंपर (पोलादाला तापवून दिलेला कणखरपणा) जातो, मग तिथूनच ती बसते नाहीतर तुटते. आणि शेवटचा वेढा जो सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीच्या वाटीत, बरोबर बसायला वळवलेला असतो तोच गेला. एक झेन आली होती आमच्याकडे, दुसरीकडे कापून आणलेली, गायमुखच्या घाटात चाक खड्ड्यात लटकलं तेव्हा स्प्रिंग सीटमधून सरकली आणि तिरकी अडकली. माणूस हळू होता म्हणून वाचला. चाक पूर्ण लटकत असताना सुद्धा स्प्रिंग दोन्ही सीटमध्ये दाबून राहिली पाहिजे, ही साधी परीक्षा आहे, जॅकवर उचलून हाताने हलवून बघायची.

गॅस की ऑइल: घाबरू नकोस, गॅसच्या शॉकअपमध्ये पण ऑइलच असतं, फक्त नायट्रोजन दाबून भरलेला असतो म्हणजे खराब रस्त्यावर ऑइलला फेस येत नाही आणि जोर टिकतो. रोज विटावा-दिघा करणाऱ्याने ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) गॅसचा घ्यावा. मोनोट्यूब (एकाच नळीचा) अजून चांगला पण जास्त दाबामुळे तो गाडी थोडी वर ढकलतो आणि नळीला बाहेरून ठोकर बसून पोचा आला की कामातून जातो. गॅब्रिएल घे, केवायबी घे, डब्यावर एस्टीमचं नाव पाहिजे, ‘बसतो हो यालाही’ असं म्हणणाऱ्या दुकानातून उठायचं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाणार असशील तर जुनी स्प्रिंग सोबत ने, तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी चारही मापं जुळवायची.

शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, आणि त्यासोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, धूळ बूट पण. लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) बदलताना मिस्त्रीला बजावून सांग की बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी असताना टाइट कर. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि चार महिन्यात फाटतं. मग चाकांचं अलाइनमेंट, नाहीतर टायर आतून खाईल.

वाशी_४३

कागदाचं पण बघून ठेव. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलंय. त्याच कायद्याच्या कलम १८२ए खाली मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुझी गाडी २००४ ची म्हणजे २०१९ ला पंधरा वर्षं झाली, पुढचं पासिंग दर पाच वर्षांनी, २०२९ ला इन्स्पेक्टर परत बघणारच. मूळ मापाचे नवीन शॉकअप-स्प्रिंग टाकलेस तर कोणी बोट ठेवणार नाही, इन्शुरन्सवाला पण नाही.

कासारवडवली_एस्टीम

मनापासून आभार सगळ्यांचे. रविवारी सपाट जागेवर लावून टेपने मोजलं, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. पुढे डावीकडे ३५८ एमएम, उजवीकडे ३४१! मी खाली करायला निघालो होतो आणि ड्रायव्हरच्या बाजूला गाडी आधीच १७ एमएम खाली बसलेली. मग ओळखीच्या मिस्त्रीकडे उजवा स्ट्रट उतरवला तर स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला, तुकडा गंजून सीटमध्येच चिकटलेला, टोक टायरपासून दोन बोटांवर. शॉकअपचा रॉड हाताने दाबला तर विरोध न करता आत गेला आणि तिथेच राहिला, वर आलाच नाही. बाबा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त तो तुकडा हातात घेऊन बघत राहिले.

लोअरिंगचा विषय सोडला. पुढच्या दोन स्प्रिंगा मूळ मापाच्या, चारही शॉकअप गॅसचे, माउंटिंग आणि बुश सगळं एकदम करतोय. मागच्या स्प्रिंगांची उंची दोन्हीकडे सारखीच भरली, गंज पण वरवरचा आहे, त्या ठेवू की त्याही बदलू?

कळवा_वर्कशॉप

उंची सारखी असेल तर ठेव, पण उतरवल्यावर वायर ब्रशने घासून खालच्या वेढ्याला बारीक चीर आहे का ते उजेडात फिरवून बघ, आणि सीटचं रबर नवीन टाक. ते दोन बोटांवरचं टोक टायरला लागलं असतं तर ऐरोलीच्या पुढे ऐंशीला टायर फाटला असता, नवीन स्प्रिंग बसेपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस.